जुलाबाच्या दिवशी थ्रेशर

जुलाबाच्या दिवशी संडासाचं दार कोणी कोणाला ठोठावायचं नाही, हा माझ्या सासरचा पहिला कायदा. दुसरा, एरंडेल पिताना तोंड वाकडं करायचं नाही. तिसरा, दुपारी झोपायचं नाही. बाकीचे कायदे मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जसजसे सुचतील तसतसे निघतात आणि ते सगळ्यांना लागू होतात, त्यांना स्वतःला सोडून.

माझं माहेर धनजचं, सासर मालेगाव तालुक्यात, मेडशीच्या अलीकडच्या एका वस्तीत. माहेरी पोट साफ होणं, न होणं ही ज्याची त्याची गोष्ट होती. कोणाचं अडलंच तर त्यानं दुकानातून इसबगोलचं पाकीट आणावं आणि कोणाला न सांगता दुधातून घ्यावं, संपलं. सासरी मात्र पोटं सामायिक, शेतासारखी. सगळ्यांची मशागत एकाच दिवशी आणि मामाजींच्या देखरेखीखाली. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, भाकरी थापता थापता मला विचारलं, "तुया कोठा कसा हाय वं? जड का हलका?"

मी लाजून अर्धी झाले. नव्या नवरीला असलं विचारतात का? पण त्या घरात ते नाव-गाव विचारण्याइतकं साधं आहे. कोठा म्हणजे पोटाची जात. हलक्या कोठ्याच्या माणसाला दुधात उकळलेल्या मनुकांनीही भागतं. मधल्या कोठ्याला हिरड्याची पूड लागते, नाहीतर सोनामुखीचा पाला. आणि जड कोठा म्हणजे एरंडेलाशिवाय जागचा न हलणारा. मामाजी हे सगळं अशा थाटात सांगतात की वाटावं, कोठा जड असणं ही कमाईच आहे. जमालगोट्याचं नाव काढलं तर मात्र भडकतात. "तो जुलाब नाही, ती दुश्मनी हाय. माणसाचं पोट धुवाचं असते, सोलाचं नसते."

आमच्या ह्यांचा कोठा घरात सगळ्यात हलका. माहेरच्यांनी लग्नाआधी शेती विचारली, व्यसन विचारलं, देवाधर्माचं विचारलं, पण हे विचारायचं कोणाला सुचलं? माझ्या नवऱ्याला गरम पाणी जरा जास्त झालं तरी चप्पल शोधावी लागते. मामाजींना याची फार लाज वाटते. "माह्या पोटचा असून पोट कोणाचं घेऊन आला काय माहीत," असं ते पाहुण्यांदेखत म्हणतात.

एरंडेल घरचंच. आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एरंडीची झाडं आहेत, कोणी लावली नाहीत आणि कोणी तोडली नाहीत. उन्हाळ्यात आत्याबाई त्याच्या बिया भाजतात, उखळात कुटतात आणि गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाण्यात घालून रटरटा उकळतात. वर तेल तरंगतं, ते वाटीनं काढून घ्यायचं आणि पुन्हा आटवायचं, पाण्याचा थेंब राहता कामा नये. तो वास ज्यानं घेतला त्याला जुलाब घ्यायची गरज पडू नये, असं माझं मत आहे. मी ते एकदा बोलून दाखवलं तर आत्याबाई म्हणाल्या, "वासानं झालं असतं तर बुढ्यानं कायले एवढा कारभार केला असता?"

जुलाबाचा दिवसही मामाजीच धरतात. पावसाळ्यात अंगात पित्त साचतं आणि पाऊस गेला, ऊन तापलं की ते खवळतं, हा त्यांचा सिद्धांत. म्हणून पितरांची जेवणं आटोपली, गावभर खीर-वडे खाऊन झाले की नवरात्र बसायच्या आधी एक दिवस पोट धुवून घ्यायचं. तुम्हाला कॅलेंडर कळत असेल तर लक्षात येईल की नेमकं तेव्हाच आमच्याकडे सोयाबीन काढायला येतं. पितृपक्ष सरकवता येत नाही, सोयाबीन थांबत नाही आणि मामाजी तर कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत. दरवर्षी यातून काहीतरी फट काढावी लागते.

त्या वर्षी फट सापडली होती. सोयाबीन कापून शेतात सुडी लावली होती, म्हणजे कापलेल्या झाडांची मोठी गंजी, वरून ताडपत्री. थ्रेशरवाल्यानं फोनवर सांगितलं, "परवा येतो." मामाजींनी लगेच जाहीर केलं, "मंग उद्या जुलाब."

त्या सुडीत माझा जीव अडकला होता, ते आता सांगते. दिवाळीच्या आगेमागे आमच्या वस्तीतून ऊस तोडायला टोळी जाते. जोडीजोडीनं, नवरा-बायको मिळून. मुकादम येतो, जोड्या ठरवतो, ट्रक भरतो आणि नेतो. आम्ही दोघं लग्नापासून जात होतो. पोरगी झाल्यावर तिला घेऊन गेलो. ती उसाच्या पाचटात रांगली, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बोलायला शिकली. त्या वर्षी मात्र ती पहिलीत बसली होती. जून महिन्यापासून एक दिवस शाळा बुडवली नव्हती. रोज संध्याकाळी दारात पाय पसरून बसायची आणि जे दिसेल ते वाचायची, साबणाचा कागद, बिस्किटाचा पुडा, एस.टी.ची पाटी. टोळीत नेली तर शाळा गेली. ठेवून गेले तर मी गेले. माझ्याच्यानं ते होणार नव्हतं. मी ह्यांना चक्क सांगितलं, "यंदा मी जाणार नाही, काही झालं तरी."

"बाबाले सांग," हे म्हणाले.

"तुमी सांगा. बाप तुमचा हाय."

"अवं, पण सून तू हायस. सुनेचं ऐकतीन."

अशी आमची टोलवाटोलवी चालली असताना मामाजींनी वस्तीच्या पारावर मुकादमाला मान डोलावून टाकली होती. तोंडानं 'हो' म्हटलं नव्हतं, नुसती मान. पण मामाजींची मान म्हणजे स्टॅम्पपेपर. आयुष्यात दिलेला शब्द त्यांनी फिरवला नव्हता आणि खोटं तर त्यांच्या घशातून वर येतच नाही. मी घरात भांडी आपटली, तेव्हा एवढंच म्हणाले, "सुडी नीट घरात आली तर पाहू." म्हणजे काय पाहू? मुकादमाला नाही म्हणणार का? मी मात्र ते 'पाहू' पदरात गाठ मारून ठेवलं. सोयाबीन भिजलं असतं तर बोलायला तोंडच नव्हतं. नवरात्र बसलं की मुकादम शेवटचं विचारायला येणार होता आणि त्याच्यासमोर मी काय बोलायचं ते चुलीपुढे बसून रोज घोकत होते.

तर जुलाबाची सकाळ. अजून उजाडायचं होतं. अंगणात चुलीवर सुंठीचा काढा उकळत होता. मामाजी धोतर खोचून, बाटली काखेत घेऊन उभे. आम्ही रांगेत. पोरीला यंदा माफी होती. "शाळा हाय तिले, वर्गात धावपळ नको," असं मामाजींनी आपणहून सांगितलं आणि मी चकित झाले, कारण आजवर त्यांनी कोणाला माफी दिल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

आधी मामाजींनी स्वतः घेतलं. ग्लासभर गरम काढा, त्यावर एरंडेलाचा जाड थर. गटागट प्यायले आणि मिशी पुसली, जसं काही ताकच प्यायले. मग आत्याबाई. त्यांचा कोठा इतका जड की मामाजी त्यांच्या ग्लासात बाटली उपडी करून उभे राहतात. मग हे, डोळे मिटून. मग मी. एरंडेल तोंडात जात नाही, ते घशात येऊन बसतं आणि आजूबाजूला पाहत राहतं. वरून काढा ढकलावा तेव्हा कुठे नाइलाजानं खाली उतरतं. माझा ओठ जरा वाकडा झाला असावा.

"काय म्हणलं होतं?" मामाजी.

"काही नाही मामाजी, गोड लागून राह्यलं," मी म्हटलं.

त्यानंतर लिंबाची फोड चोखायची, गरम पाण्याचे घोट घेत अंगणात फेऱ्या मारायच्या आणि वाट पाहायची. एरवी हा वेळ मजेचा असतो. कामाला सुट्टी, चुलीवर फक्त पातळ पेज. कोणाचा चेहरा आधी बदलतो त्याच्यावर आम्ही पैजा लावतो. ह्यांचा बदलतो. नेहमी ह्यांचाच बदलतो.

पोरगी डबा घेऊन शाळेत गेली आणि तेवढ्यात पांदणीतून ट्रॅक्टरचा आवाज आला.

आम्ही सगळे एकमेकांकडे पाहत राहिलो. ट्रॅक्टर आमच्या दारात थांबला. मागे थ्रेशर. वरून ड्रायव्हर ओरडला, "चला, काढू तुमची सुडी!"

"अरे, तू उद्या येनार होता ना?" मामाजी.

"ज्याच्याकडं जायचं होतं त्याचं काड ओलं निघालं. मशीन घेईना. म्हणलं तुमचं वाळलं असन. आता काढायचं तर काढा, नाहीतर मी रिसोडच्या बाजूला चाललो, मंग दसऱ्यापर्यंत इकडं तोंड दाखवत नाही." आणि त्यानं हात वर करून पश्चिमेला दाखवलं. मेडशीच्या अंगाला आभाळ काळंभोर झालं होतं.

मजूर कोणी मिळायचे नव्हते, ज्याची त्याची सोंगणी चालू होती. जे होते ते आम्ही चौघं आणि चौघांच्या पोटात एरंडेल. ह्यांचा चेहरा तोवर बदलला होता. मला हसू फुटलं, ते आवरेना. काय वेळ आणली देवानं! आत्याबाईंनी कपाळावर हात मारला, "माय वं, आता काय सुडीवर बसून..." आणि पुढचं बोलल्या नाहीत, पदर तोंडाला लावून खदखदा हसत सुटल्या.

मामाजी हसले नाहीत. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, पायात वहाणा सरकवल्या आणि म्हणाले, "चला."

शेतात पोचेपर्यंत हे दोनदा मागे राहिले होते. पण आमचं नशीब थोर. सोयाबीनमध्ये आम्ही तूर पेरतो. सोयाबीन कापलं तरी तुरीच्या ओळी उभ्याच राहतात, छातीपर्यंत हिरव्यागार, दाट. त्या दिवशी त्या तुरीचं मोल मला जे कळलं ते कोणत्याही अडत्याला कधी कळणार नाही. मामाजींनी पोचल्या पोचल्या शेताची वाटणी केली. "बाया धुऱ्याच्या अंगानं, माणसं नाल्याच्या अंगानं. आडवं कोणी जायचं नाही. थ्रेशरच्या तोंडाशी फक्त तुमची आत्याबाई उभी राहीन. तिचं पोट सांगून उठते, तुमचं न सांगता. मशीनपाशी अर्ध्यात पळालं तर हात जाईन."

आणि मग जे सुरू झालं ते काय सांगू! थ्रेशर घरघरायला लागलं, कुटाराचा, म्हणजे भुशाचा, धुरळा उडायला लागला. मी सुडीवरून काड उचलून आत्याबाईंच्या हातात द्यायची, त्या मशीनच्या तोंडात टाकायच्या, हे खालून दाणे पोत्यात भरायचे आणि मामाजी पोती शिवायचे. सगळं झकास चालायचं आणि मग एकदम कोणीतरी थबकायचं. चेहऱ्यावर एक विचार आल्यासारखा दिसायचा. हातातलं काड खाली आणि माणूस तुरीत. त्याची जागा दुसऱ्यानं घ्यायची, तो परत येईपर्यंत दुसऱ्याचा चेहरा विचारी व्हायचा. हे तर पोतं हातात धरूनच निघाले होते, मामाजी ओरडले, "अरे पोतं तरी ठेव!"

मी पळताना हसायची आणि हसताना पळणं किती अवघड असतं ते ज्यानं एरंडेल घेतलंय त्यालाच कळेल. तुरीतून वाकून पाहावं तर पलीकडच्या ओळींत मामाजींचं पागोटं तेवढं दिसायचं, स्थिर आणि गंभीर. परत येताना ते अशी चाल चालायचे की वाटावं पिकाची पाहणी करून आले.

ड्रायव्हर आधी बावचळला. "काय गा, शर्यत लागली का घरात?" आत्याबाईंनी काड टाकता टाकता त्याला खरं काय ते सांगितलं. तो इतका हसला की त्याला स्टिअरिंगला धरून बसावं लागलं. मधूनच आठवण आली की पुन्हा हसायचा आणि डोळे पुसायचा.

आत्याबाई मात्र खांबासारख्या उभ्या. त्यांना काही म्हणजे काही होत नव्हतं. "मले नाही होत बापा काही," असं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायच्या. त्यांच्या जिवावरच सुडी उतरत गेली. दुपार कलली तेव्हा थोडीशीच उरली होती. पोती ताडपत्रीखाली रचली होती. ड्रायव्हरनं पट्टा तपासायला मशीन बंद केलं आणि त्या शांततेत मोटारसायकलचा आवाज आला. धुऱ्यावरून मुकादम येत होता.

माझ्या पोटात जे काही उरलं होतं ते सगळं गोळा झालं. नवरात्र बसायचं होतं अजून! हा आजच काहून आला?

मुकादम मोठ्या तोंडाचा माणूस, वाईट नाही, पण एकदा जोडी धरली की सोडत नाही. पोत्यावर ऐसपैस बसला. "भाऊ, ट्रक लवकर निघून राह्यला यंदा. तुमची जोडी पक्की धरून चाललो. बोलवा पोराले."

हे तुरीतून बाहेर आले. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. मुकादमासमोर बसले. "बोला," म्हणाले, आणि तो काही बोलायच्या आत उठले नि गेले.

"कुठं चालला?" मुकादम बघतच राहिला.

आता मलाच बोलायला हवं होतं. तोंडाला बांधलेला फडका मी सोडला. किती दिवस घोकलेलं! मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि स्पष्ट आवाजात सुरुवात केली, "मुकादमभाऊ, माही पोरगी पहिलीत हाय. आमी यंदा..."

आणि माझा चेहरा विचारी झाला.

मी पळाले. आयुष्यात एकदा धीर करून तोंड उघडलं होतं आणि ते वाक्य अर्ध्यावर टाकून मी तुरीत पळाले. तिथे बसून मी स्वतःला, एरंडीला, तिची झाडं धुऱ्यावर ठेवणाऱ्या पूर्वजांना, सगळ्यांना शिव्या घातल्या. बाहेरचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

"काय झालं भाऊ या साऱ्यायले?" मुकादमाचा आवाज. आणि मग ऐकू आलं ते आत्याबाईंचं, "अगं माय!" आणि धपधप पावलं. सकाळपासून न हललेला तो खांब नेमका तेव्हा हलला होता. माझ्या शेजारच्या ओळीतून त्या वादळासारख्या गेल्या.

"अरे बापा," मुकादम उठून उभा राहिला असावा, आवाज वरून यायला लागला. "हगवण लागली का काय घराले? खरं सांगा भाऊ. मागं एका टोळीत अशीच घुसली होती, अर्ध्या जोड्या आडव्या झाल्या, सारा फड बोंबलला."

मामाजींसमोर जुलाबाला हगवण म्हणणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नाही. वस्तीतल्या एकानं थट्टेनं तसं म्हटलं होतं, तर मामाजींनी त्याच्या दारावरून जाणं सोडलं होतं. "हगवण घाणीनं लागते, जुलाब अकलेनं घेतात," हे त्यांनी त्याला भर पारावर सुनावलं होतं. आता ते फुटणार आणि एरंडेलाचं सगळं शास्त्र मुकादमाला ऐकवणार, कोठ्यासकट. उद्यापर्यंत सगळे ठणठणीत असतात हेही सांगणार. आणि आम्ही ट्रकमध्ये.

"अवो मुकादम, हे तं..." ड्रायव्हरनं हसत तोंड उघडलं.

"हो बावा," मामाजींचा आवाज आला. "हगवणच हाय."

मी तुरीचं झाड घट्ट धरलं.

"चार दिवस झाले," मामाजी सांगत होते. "उतरूनच नाही राह्यली. पोराचे तर हाल पाहिलेच तुमी. सुनेचं त्याहून बेक्कार." मग एक कण्हणं ऐकू आलं. आयुष्यात मी मामाजींना कण्हताना ऐकलं नव्हतं. विंचू चावला तेव्हाही नाही. ते कण्हणं इतकं खोटं होतं की दगडालाही कळलं असतं, पण मुकादमाला नाही कळलं.

"मी तर यांच्या घरचं पाणीबी नाही पेलो सकाळपासून," ड्रायव्हर म्हणाला. देव त्याचं भलं करो.

"मंग राहू द्या भाऊ यंदा," मुकादम घाईघाईनं म्हणाला. "दुसरी जोडी पाहातो मी. तुमी दवाखान्यात दाखवा."

"अहो थांबा ना, असं कसं, पाणी तरी घ्या," मामाजी म्हणाले. "पोराले पाठवतो घागरीवर."

मोटारसायकल एका किकमध्ये सुरू झाली. धुऱ्यावरून ती अशी उडत गेली की मला तुरीच्या शेंड्यांवरून मुकादमाचं डोकं वर-खाली होताना दिसलं.

सोयाबीनचं सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. उरलेली सुडी आम्ही काढली, पोती ट्रॅक्टरवर घातली आणि पहिले थेंब पडले तेव्हा ती आमच्या पडवीत होती. पण त्याआधी मी तुरीतून बाहेर आले तेव्हा मामाजी एकटेच उभे होते. पागोटं काढून हातात धरलेलं, कपाळावर घाम. ड्रायव्हर ट्रॅक्टरच्या पलीकडे जाऊन हसत असावा. सासऱ्यांशी मी एरवी नजर खाली ठेवून बोलते. त्या दिवशी माझ्यानं राहवलं नाही.

"मामाजी, तुमी खोटं बोलले."

"बोललो," ते म्हणाले.

"आणि ते, जुलाबाले हगवण..."

"म्हणलं ना बोललो!" ते खेकसले. मग पागोटं डोक्यावर ठेवत, माझ्याकडे न पाहता, आभाळाकडे पाहत म्हणाले, "मान मीच डोलावली होती. आता मागं कशी घेऊ? तो आपणच गेला तर माहा काय दोष. काल पोरगी मले खताच्या पोत्यावरचं वाचून दाखवून राह्यली होती. एक एक अक्षर बोटानं. वाचलं आन् मले विचारलं, आबा, बरोबर हाय का?" त्यांनी पागोट्याचं टोक खोचलं. "म्या काय सांगू? मले कुठं येते वाचता. या घरात एकाले तरी येऊ दे."

मला त्यांच्या पाया पडायचं होतं. मी वाकलेसुद्धा. पण वाकणं हीच चूक झाली. मी तशीच वळले आणि धूम ठोकली, धुऱ्याच्या अंगानं, कायद्याप्रमाणे. आणि तुरीत बसल्या बसल्या मला असं रडू फुटलं की हुंदके आवरेनात, मोठ्यानं, लाजलज्जा सोडून.

बाहेर मामाजी ओळीच्या टोकाशी येऊन उभे राहिले, पाठमोरे. "लय दुखून राह्यलं का वं?" त्यांनी विचारलं.

"नाही मामाजी," मी आतून म्हटलं, "आता बरं वाटून राह्यलं."